सोयापेंडीला एक पर्याय

माणूस आणि माशी यांच्यात आजवर एकच व्यवहार चालत आला आहे. माशीने बसायचे आणि माणसाने हाकलायचे. या व्यवहारात काही सुधारणा करावी असे मला सत्तरी ओलांडल्यावर वाटले, आणि ती माझी चूक होती असे सौ.चे मत आहे. ती चूक नव्हती, प्रयोग होता, असे मी म्हणतो. सध्या आमचा संसार या दोन मतांच्या मधोमध उभा आहे आणि खरे सांगायचे तर उभा राहून राहून दमला आहे.

सुरुवात झाली धाकट्याच्या शेडवर. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. जिथे डांबर संपते आणि नुसता रस्ता उरतो, तिथे त्याची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. रोज संध्याकाळी मी तिथे चालत जातो. आम्ही दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसतो, तो थर्मासमधला चहा ओततो आणि चहा फार गोड झाला आहे असे मी म्हणतो. निवृत्तीनंतरची माझी सगळी वर्षे याच एका खुंटीला टांगलेली आहेत.

त्या दिवशी चहा ओतता ओतता तो म्हणाला, "दादा, ही बॅच शेवटची."

"का रे?"

"सोयापेंड. भाव ऐकलास का? कोंबडी खाते सोन्यासारखं आणि विकली जाते कोंबडीसारखी. कुठवर ओढायचं?"

"मग करणार काय?"

"लेक कधीची बोलावतेय. खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय तिने. एवढी बॅच वजनाला आली, व्यापाऱ्याने उचलली, की कुलूप लावतो आणि जातो."

त्याची लेक राहते तिथे पोचायला एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तिचे काही चूक नव्हते. आई गेल्यापासून बाप एकटा राहतो, स्वतःच्या हाताने करून खातो आणि फोनवर मजेत आहे म्हणून सांगतो, हे कोणत्या मुलीला बघवेल? पण चहा गोड झाला आहे असे म्हणायचे मी त्या दिवशी विसरलो. मला दादा म्हणणारा तेवढा एकच माणूस आता उरला आहे. अर्थात असले काही बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्याकडे फक्त तांत्रिक अडचणींवर बोलतात.

म्हणून मी म्हणालो, "म्हणजे मूळ अडचण प्रथिनांची आहे."

"मूळ अडचण भावाची आहे, दादा."

"तेच ते. पेंडीऐवजी दुसरे स्वस्त प्रथिन मिळाले, तर शेड बंद करायला कारणच उरत नाही."

पाण्याचा पाइप ठिबकू लागला की तो पाइपाकडे जसा बघतो, तसा माझ्याकडे बघत राहिला.

तंत्रनिकेतनात आम्हाला पहिली गोष्ट ही शिकवली होती, की सगळे पर्याय समोर मांडावेत आणि मग एकेक खोडत जावे. मी तसेच केले. मासळीची भुकटी उत्तम, परंतु ती खाल्लेल्या कोंबडीला मासळीचाच वास येतो आणि गिऱ्हाईक गोंधळते. शेंगदाण्याच्या पेंडीला दमट हवेत बुरशी धरते. सूर्यफुलाच्या पेंडीत टरफलच अधिक. पाण्यावर वाढणारे एक हिरवे शेवाळ आहे, पण त्याला टाकी लागते, आणि आमच्या इमारतीत पाणी हा विषय निघाला की माणसे मूळ स्वभावावर येतात. खोडता खोडता शेवटी एकच पर्याय उरला. तो म्हणजे काळी सैनिक माशी.

ही माशी साधीसुधी नव्हे. ती चावत नाही, अन्नावर बसत नाही, मोठी झाल्यावर जवळजवळ काही खातही नाही. इतका सोज्ज्वळ जीव मी आमच्या कार्यालयातदेखील पाहिला नव्हता. तिची अळी मात्र स्वयंपाकघरातला ओला कचरा खाते, फुगते आणि प्रथिनाने गच्च भरते. सर्वांत लोभस गोष्ट अशी, की पूर्ण वाढ झालेली अळी कोरडी, अंधारी जागा शोधत स्वतःच सरपटत कचऱ्यातून बाहेर येते. तिच्या वाटेत एक उतरण ठेवली आणि उतरणीच्या टोकाला बादली ठेवली, की माल आपण होऊन बादलीत. ज्या कारखान्यात कच्चा माल फुकट आणि तयार माल स्वतः चालत गोदामात जातो, तो कारखाना आपल्याला यापूर्वी का सुचला नाही, याचे मला वैषम्य वाटले.

सौ.ला मी हे सगळे चित्र काढून समजावले. तिने चित्र नीट पाहिले.

"अहो, पिठात एक अळी निघाली तर मी अख्खा डबा उन्हात घालते. आणि तुम्ही त्या मुद्दाम आणणार?"

"त्या वेगळ्या अळ्या."

"त्यांना माहीत आहे का वेगळ्या आहेत ते?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. शेडवर माशी चालणार नाही असे धाकट्याने बजावले होते, त्यामुळे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीखेरीज जागा नव्हती. सौ.ने गॅलरी दिली, पण गॅलरी आणि स्वयंपाकघर यांमधले दार त्या दिवसापासून असे लावून घेतले, की कपडे वाळत घालायलाही मला मागच्या जिन्यावरून फिरून यावे लागे.

अंडी एका कृषी महाविद्यालयातून मिळाली, बरोबर एक माहितीचे पुस्तकही. पिंप, उतरण आणि बादली मी घरी बनवली. माश्यांना उडायला जुनी मच्छरदाणी ताणून पिंजरा केला. मच्छरदाणी आम्हांला डासांपासून वाचवण्यासाठी घेतली होती आणि तिच्यात आता आम्हीच माश्या कोंडणार होतो, हे सौ.ने प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले. त्यामुळे प्रयोगाची जाहिरात मला वेगळी करावी लागली नाही.

शेजाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सहकार्य केले. शेजाऱ्यांचे सहकार्य ही काय चीज आहे, हे ज्याने भोगले असेल त्याला अधिक सांगायला नको. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी इमारत नुसते बाई म्हणते, भाज्यांची साले धुऊन, बारीक चिरून, झाकण घातलेल्या भांड्यातून पाठवू लागल्या. "लहान जीव आहेत, घास अडकायला नको," असा त्यांचा निरोप असे. समोरचे विमा एजंट रोज दार वाजवून अळ्यांचे वजन विचारत आणि या व्यवसायात मोठी जोखीम आहे असे सुचवत. आठवड्याभरात इमारतीने कचराकुंडीपर्यंत जाणेच सोडून दिले. सकाळी दार उघडावे तर उंबऱ्यापाशी पिशव्यांची रांग. त्या पिशव्यांतून फळांच्या साली निघत, तशा फुटक्या कपबश्या, बंद पडलेले घड्याळ आणि एकदा कुणाचे तरी कवळीचे खालचे अर्धे निघाले. मी ते जिन्याच्या कठड्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. कोणी नेले हे मी मुद्दाम पाहिले नाही.

इमारतीचे सेक्रेटरी एकदा येऊन पिंपाकडे लांबून पाहून गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात म्हणून बोलत नाही. पण माशी ती माशीच."

"ही सैनिक माशी आहे."

"मग तर छावणी हलवा."

तरीही सगळे सुरळीत होते. मग कलिंगडे आली. आमच्या इमारतीने त्या आठवड्यात इतकी कलिंगडे खाल्ली, की पिंपात कचरा कमी आणि पाणी जास्त झाले. पिंपाच्या भिंती ओल्या झाल्या. आणि पुस्तकाने मला न सांगितलेली एक गोष्ट तेव्हा कळली, की भिंत ओली असेल तर अळीला उतरणीची गरज पडत नाही. ती भिंतीला चिकटून सरळ उभी वर चढते. माझ्या उतरणीचा कोन मी घासून घासून बरोबर आणला होता. त्या उतरणीकडे पाठ फिरवून माझ्या अळ्या पिंपाच्या काठावर आल्या, गॅलरीत उतरल्या आणि कोरड्या, अंधाऱ्या जागेच्या शोधात शिस्तीने जिना उतरू लागल्या. रांगेतली शिस्त पाहून मला त्यांच्या नावाची क्षणभर खात्री पटली.

कोरडी आणि अंधारी जागा त्यांना बाईंच्या घरात सापडली. बाईंनी चष्म्याचे घर उघडले, त्यात चष्म्याशेजारी एक अळी वळकटी करून निजली होती.

बाई वर आल्या. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"बसू का?" त्यांनी विचारले.

"बसा ना."

त्या खुर्ची उलटी करून, झटकून, मग बसल्या. "मी त्यांना स्वतःच्या हाताने साले चिरून घातली. मुलांकडून मी कधी परतफेडीची अपेक्षा केली नाही. पण चष्म्यात?"

मी चष्म्याचे घर साबणाने धुऊन दिले. बाईंनी ते पुन्हा स्वतः धुतले.

त्याच दिवशी सेक्रेटरींनी नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवले, आणि वस्तीत माश्यांची पैदास केल्याबद्दल मला नोटीस आली. संबंधित खात्याची परवानगी असल्यास ती सादर करावी, अन्यथा फवारणी होईल. संबंधित खाते कोणते, हे नोटिशीत नव्हते. ते शोधणे ही शिक्षेचीच पहिली पायरी असावी.

मी पशुसंवर्धन कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने शांतपणे विचारले, "प्राणी, पक्षी की मासा?"

"अळी."

"अळीचा रकाना नाही आमच्याकडे. शेती खात्यात विचारा."

शेती खात्याने अत्यंत आपुलकीने मला अळी मारण्याच्या औषधांची माहिती दिली. मला अळी मारायची नाही, वाढवायची आहे, असे मी म्हणालो, तेव्हा तिथले अधिकारी उठून उभे राहिले आणि त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावले. दोघांनी मिळून मला पाणी दिले. उन्हाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असा त्यांचा समज झाला होता. शेवटी दोघांनी विचार करून सांगितले, "अळी पाळणारं सरकारात एकच खातं आहे काका. रेशीम."

रेशीम कार्यालय एका गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर होते. तिथे एकच अधिकारी होते आणि ते मला पाहून इतके आनंदले, की मला संकोच वाटला. आमच्या गावातून त्यांच्याकडे आजवर एकही नोंदणी झाली नव्हती आणि वरून सारखी विचारणा होत होती.

"तुती किती लावलीय?" त्यांनी उत्साहाने विचारले.

"तुती नाही. कलिंगडाची साल."

"असू दे. रेशीम किती निघतं?"

"शून्य."

"सुरुवातीला तसंच असतं," ते म्हणाले आणि मला धीर देत त्यांनी शिक्का मारला.

सबंध नोकरीत मी कधी खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्या दिवशी मी रेशीम उत्पादक झालो. घरी येताना माझी मान खाली होती. आरोग्य निरीक्षक पाहणीला आले, त्यांनी शिक्का वाचला आणि त्यांचा चेहरा पालटला. पिंपाकडे न जाता बाहेरच्या खोलीत बसून ते म्हणाले, "म्हणजे रेशीम! मग आधी नाही का सांगायचं? पुढल्या वर्षी मुलीचं लग्न आहे. कापड सवलतीत मिळेल ना?"

"प्रयत्न करू," मी म्हणालो. सौ. दारात उभी होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी इथे वर्णन करू इच्छित नाही.

आता मुख्य प्रयोग. तुलनेशिवाय निष्कर्ष नाही, या तत्त्वाला धरून मी धाकट्याच्या शेडमध्ये मधोमध जाळी लावली. उजवीकडच्या कोंबड्यांना नेहमीप्रमाणे सोयापेंडीचे खाद्य, डावीकडच्यांना अर्धी पेंड आणि अर्ध्या अळ्या.

"दादा, कोंबड्यांना परीक्षेला बसवतोयस का?" धाकटा म्हणाला.

"तुझी शेड वाचवतोय."

"वाचव बाबा," तो म्हणाला. एवढेच. पण जाळीचे दुसरे टोक त्याने स्वतः धरले.

वास्तविक अळ्या वाळवून, दळून खाद्यात मिसळायच्या असतात. वाळवण्यासाठी मी ओव्हनकडे नुसते पाहिले, तेव्हा सौ. म्हणाली, "ओव्हन किंवा मी." गच्चीवर वाळत घातल्या, तर आमच्या भागातल्या सगळ्या कावळ्यांना माझा प्रयोग मान्य झाला. निरुपायाने मी अळ्या जिवंतच नेऊन शेडमध्ये अंथरलेल्या भुशावर पसरू लागलो. माझी सगळी चूक, चूक म्हणायचीच असेल तर, ती इथे झाली.

ब्रॉयलर हा बैठ्या वृत्तीचा पक्षी. खाद्यापाशी बसावे, उठून पाण्यापाशी जावे, तिथे बसावे, पुन्हा खाद्यापाशी यावे आणि या प्रवासात जाड व्हावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. माझ्या काही सहकाऱ्यांनी अशाच रीतीने पेन्शनपर्यंत मजल मारलेली मी पाहिली आहे. पहिल्या दिवशी डावीकडच्या कोंबड्यांनी अळ्यांकडे पाहून मान वाकडी केली. मग एकीने एक अळी उचलली. तिच्या चोचीत काहीतरी वळवळते आहे हे दुसरीने पाहिले आणि ती हिसकावायला धावली. पहिली पळाली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे सगळी. जी कोंबडी जन्मापासून चालली नव्हती, ती त्या दिवशी पळाली, आणि पळण्यात मजा आहे हे तिला कळले. ही माहिती एकदा मिळाल्यावर परत घेता येत नाही.

काही दिवसांत अशी अवस्था झाली, की माझी चाहूल लागताच डावीकडची शेड दारावर धडकत असे. पेंडीला कोणी तोंड लावीना. अळ्या संपल्यावर त्या उगाचच धावू लागल्या. एक कोंबडी उडून छताखालच्या लोखंडी पट्टीवर बसली आणि खाली हिंडणाऱ्यांना तिथून प्रोत्साहन देऊ लागली.

"दादा, ह्या पळतात," धाकटा चिंतेने म्हणाला.

"व्यायामाने आरोग्य सुधारते."

"आपल्याला आरोग्य नकोय रे. वजन हवंय."

व्यापारी गाडी आणि क्रेट घेऊन आला, त्याच्याबरोबर कोंबड्या पकडणारी त्याची माणसे होती. उजवीकडच्या कोंबड्या पायऱ्यांवर मांडलेल्या कुंड्यांसारख्या बसल्या होत्या. त्यांना उचलले, भरले, झाले. मग माणसांनी डावीकडचे दार उघडले.

त्यानंतर काय झाले, याचा क्रम मी पद्धतशीर माणूस असूनही सांगू शकत नाही. एवढे आठवते, की एक माणूस भुशावर आडवा होता, दुसरा डोक्यात रिकामा क्रेट अडकलेल्या अवस्थेत दिशा विचारत होता आणि व्यापारी खुर्चीवर उभा होता. तराजूवर एक कोंबडी आपण होऊन चढली, तिने काट्याकडे पाहिले आणि आकडा स्थिरावण्याआधी ती उतरून गेली.

"काका, हे काय आहे?" व्यापारी मला म्हणाला. "मी ब्रॉयलर मागितले होते. हे खेळाडू आहेत!"

"यांच्यातले प्रथिन उच्च दर्जाचे आहे," मी म्हणालो.

"असेल. पण ते सगळं पायात गेलंय." त्याने मोठ्या कष्टाने पकडलेल्या एका कोंबडीची मांडी दाबून पाहिली. "हिला शिजवताना माणसाचा गॅस संपेल हो. निम्मीच बॅच नेतो मी. ही निम्मी वजनाला आली की फोन करा. आणि आधी त्यांना जरा बसायला शिकवा."

गाडी गेली. धाकटा खुर्च्या सरळ करू लागला. त्याने मला दोन शब्द सुनावले असते तर ते मी ऐकून घेतले असते. तो म्हणाला, "राहू दे दादा. तू केलंस ते माझ्यासाठीच केलंस." असल्या क्षमेने माणसाच्या अंगातले उरलेसुरले बळ जाते. त्या संध्याकाळी मी घरी जाताना दोनदा रस्त्याकडेला बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याने निर्णय सांगितला. अळ्या बंद. नुसती पेंड. महिना-दीड महिन्यात या कोंबड्या निवळतील, वजन धरतील, मग व्यापारी, मग कुलूप, मग लेकीकडे. लेकीला त्याने तसे कळवलेही. मी मान हलवली. चहा पिता पिता मात्र एक निष्कर्ष, मी न बोलावता, माझ्यासमोर येऊन बसला. कोंबड्या वजनाला येत नाहीत तोवर कुलूप नाही. आणि कोंबड्या पळत आहेत तोवर त्या वजनाला येत नाहीत.

पुढे मी जे केले त्याचे समर्थन करणार नाही. घरी सौ.ला सांगितले, की पिंपातल्या अळ्या निरनिराळ्या वयाच्या असल्यामुळे प्रयोग एकदम बंद करता येत नाही, टप्प्याटप्प्याने करावा लागेल. आश्चर्य म्हणजे ती काही बोलली नाही. रोज दुपारी धाकटा घरी जाऊन आडवा होई, त्या वेळी मी कापडी पिशवीत अळ्या घेऊन मागच्या बाजूने शेडमध्ये शिरे, पिशवी झटके आणि चोरासारखा निघून येई. मग संध्याकाळी रीतसर पुढच्या दाराने चहाला जाई.

धाकटा दर आठवड्याला एखादी कोंबडी धरून वजन करी आणि मान हलवी. "काही कळत नाही बघ. पेंड खातात, पण अंगाला लागत नाही." मी म्हणे, "हवेचा परिणाम असेल." स्वतःच्या भावाच्या धंद्यावर मी रोज दुपारी पाणी फिरवत होतो आणि संध्याकाळी त्याच्याच थर्मासमधला चहा पीत होतो. झोप नीट लागेनाशी झाली. त्यात बादलीत माल अपेक्षेपेक्षा कमी पडू लागला. मी गॅलरीत तापमापक लावला. तापमान योग्य होते. अळ्या कुठे जात होत्या, हे काही केल्या उमगेना. बाईंच्या घरी जाऊन विचारायचे धैर्य मला नव्हते.

मग एके दिवशी रेशीम अधिकारी अचानक माझी प्रगती पाहायला आले. त्यांना गॅलरी दाखवून, अळी रेशीम का काढत नाही यावर त्यांचे मार्गदर्शन ऐकून, त्यांना जिन्यापर्यंत पोचवेपर्यंत दुपार टळली. मी पिशवी घेऊन घाईघाईने शेडवर पोचलो, तेव्हा धाकट्याच्या परतीची वेळ झाली होती. तरी कोंबड्या एक दिवस बसून राहिल्या तर वजन धरतील या विचाराने मी मागच्या दाराने आत शिरलो.

धाकटा डावीकडच्या कप्प्यात पाठमोरा उभा होता. त्याच्या हातात बिस्किटांचा डबा होता. डबा आमच्या घरचा. झाकणाला पडलेली पोच मीच ठोकून काढली होती. तो डब्यातून मुठी भरून काहीतरी भुशावर पसरत होता आणि कोंबड्या त्याच्याभोवती उधळल्या होत्या. "हळू गं, हळू," तो म्हणत होता. "सगळ्यांना मिळेल. पळा."

"अरे!" मी म्हणालो.

तो दचकला आणि डबा हातातून पडला. एक कोंबडी डब्यात शिरली.

"दादा! तू या वेळी कसा?"

"तो डबा आमचा आहे."

"वहिनीने दिला."

"कधी?"

"रोज देते. सकाळी तू फिरायला जातोस तेव्हा भरून ठेवते. झाकण मात्र मीच लावायचं, तिला बघवत नाही." तो थांबला. त्याचे लक्ष माझ्या पिशवीकडे गेले. पिशवी हलत होती.

मी ती पाठीमागे घेतली.

"तरीच," तो म्हणाला, "तरीच मी म्हणतो, एवढ्याशा डब्यावर ह्या एवढ्या कशा पळतात!"

मी पिशवी झटकली. कोंबड्या तिकडे धावल्या. लपवायला आता काही उरले नव्हते.

"तुला जायचे नव्हते, तर लेकीला सरळ सांगायचेस," मी म्हणालो.

"काय सांगू? खोली रंगवलीय रे तिने. माझ्यासाठी. जायचं नाही असं कसं म्हणायचं पोरीला? आणि राहायचंय असं तरी..." त्याने वाक्य पुरे केले नाही. डबा उचलून तो आतली कोंबडी काढू लागला. आमच्या घरात असले काही बोलून दाखवायची पद्धत नाही, हे मी आधी सांगितलेच आहे. मी त्याला डब्याची दुसरी बाजू धरून दिली.

आम्ही बाहेर येऊन बसलो. त्याने चहा ओतला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो गं, बरा आहे," तो म्हणाला. "नाही, नाही आल्या अजून वजनाला. काय करणार? मी पण बघतोच आहे ना रोज... कारण? कारण मला काय कळतंय त्यातलं?" त्याने माझ्याकडे पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला. "हे घे, तुझ्या मोठ्या काकांना विचार. ते टेक्निकलचे आहेत."

"काका," पुतणी म्हणाली, "बाबा म्हणतात कोंबड्या वाढतच नाहीत. असं कसं होतं? नेमकं काय चुकतंय तिथे?"

मी घसा साफ केला, खुर्चीत ताठ बसलो आणि तिला प्रथिनांची मूलभूत माहिती अगदी पहिल्यापासून द्यायला सुरुवात केली.